पायाची धमनी बंद : छत्रपती संभाजीनगरला नेमके कोणाला दाखवावे?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे; आम्ही त्यांना आबा म्हणतो. सेलूजवळ आमची कोरडवाहू शेती आहे आणि गेल्या दिवाळीपर्यंत ते रोज पायी शेतात जात असत. त्यांना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि बीपीची गोळी चालू आहे. बिडी विसाव्या वर्षापासून ओढत होते. ती त्यांनी दीड वर्षापूर्वी सोडली, परंतु तिची जागा तंबाखू-चुन्याने घेतली.

गेल्या वर्षभरापासून चालताना त्यांच्या उजव्या पोटरीत गोळा येतो. सुरुवातीला ते मारुतीच्या पारापर्यंत विनासायास जात. पुढे विजेच्या तिसऱ्या खांबाशी थांबू लागले आणि आता पहिल्याच खांबाला हात टेकून उभे राहतात. दोन-तीन मिनिटे उभे राहिले की दुखणे थांबते. हाडांच्या डॉक्टरांनी ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगून पट्टा दिला आणि त्यात आमचे दोन महिने गेले. तीन आठवड्यांपूर्वी चप्पल घासून पायाच्या करंगळीला फोड आला. तो भरला तर नाहीच, उलट करंगळीचे टोक आता काळे पडले आहे. रात्री पाय खाटेवर ठेवला की ठणका लागतो, म्हणून ते पाय खाली सोडून बसून राहतात.

परभणीला डॉप्लर (धमन्यांतील रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केली. मांडीतील मुख्य धमनी मधल्या टप्प्यात पूर्ण बंद आहे आणि गुडघ्याखालच्या तीन वाहिन्यांपैकी एकच चालू आहे, असा रिपोर्ट आला. एका शल्यविशारदांनी पाय गुडघ्याखालून काढण्याचा सल्ला दिला. संभाजीनगरच्या एका हृदयरोग रुग्णालयात फोनवर विचारले तेव्हा ‘आधी हृदयाची अँजिओग्राफी करू, पायाचे नंतर पाहू’ असे उत्तर मिळाले. आबांच्या छातीत कधीही दुखलेले नाही. अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे की आणखी कोणाकडे? तेथे गेल्यावर काय विचारावे? आमच्याकडे पांढरे रेशनकार्ड आहे. शासकीय योजनेचा लाभ मिळेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना तंत्रज्ञ (छत्रपती संभाजीनगर)

मी डॉक्टर नाही. रक्तवाहिन्यांच्या तपासणी कक्षात तंत्रज्ञ म्हणून बावीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे फक्त तपासणीपुरते लिहितो.

चालल्यावर पोटरीत गोळा येणे आणि नुसते उभे राहिल्यावर तो जाणे, हे धमनीच्या आजाराचे लक्षण आहे. मणक्याच्या दुखण्यात उभे राहून आराम पडत नाही; त्या रुग्णाला बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या किती जणांच्या कमरेला आधीच पट्टा असे, याची मी गणती ठेवली नाही, पण ते दृश्य नवे नव्हते.

आपल्याकडे डॉप्लरचा रिपोर्ट आहे हे चांगले आहे. मात्र तो अडथळा कोठे आहे एवढेच सांगतो. त्या अडथळ्यापलीकडे रक्त किती दाबाने पोहोचते ते वेगळे मोजावे लागते. त्या तपासणीला एबीआय म्हणतात. रुग्णाला दहा मिनिटे उताणे झोपवून दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब मोजतात. घोट्याशी जेली लावून पेनाएवढे यंत्र टेकवले की धमनीचा आवाज ऐकू येतो. निरोगी धमनीचा आवाज घोड्याच्या टापांसारखा तुटक असतो, तर अडलेल्या धमनीचा आवाज खिडकीच्या फटीतून वारा यावा तसा एकसुरी येतो. घोट्याच्या दाबाला दंडाच्या (दोन्हींपैकी जो जास्त असेल त्या) दाबाने भागायचे. उत्तर १ ते १.४ च्या दरम्यान आले तर ठीक, ०.९ किंवा त्याहून कमी आले तर धमनीचा आजार आहे, आणि ०.४ च्या खाली गेले तर पाय धोक्यात आहे असे समजतात.

येथे मधुमेहींच्या बाबतीत एक फसगत होते. त्यांच्या घोट्याच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साचून त्या पाइपासारख्या कडक होतात. रक्तदाबाचा पट्टा कितीही फुगवला तरी त्या दबत नाहीत आणि आकडा खोटा चांगला येतो, कधी १.४ च्याही वर जातो. म्हणून अकरा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाच्या अंगठ्याचा दाबही मोजून घ्यावा, कारण अंगठ्याच्या बारीक वाहिन्या सहसा अशा कडक होत नाहीत. ज्या क्लिनिकमध्ये अंगठ्याचा छोटा पट्टा आहे, तेथे पायाच्या धमन्यांचे काम नेहमी चालते असे मी तरी समजतो. फोन करून तेवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होईल.

गोदाकन्या (गंगाखेड)

आपला प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीचे आमचे घर डोळ्यांपुढे आले. माझ्या वडिलांचीही (आम्ही त्यांना दादा म्हणतो) स्थिती जवळपास अशीच होती, फक्त त्यांचा पाय डावा होता.

आधी आमच्या हातून घडलेली चूक सांगते, म्हणजे ती आपल्याकडून होणार नाही. दादांचा पाय बर्फासारखा गार लागायचा, म्हणून आईने वीट चुलीवर तापवून, फडक्यात गुंडाळून तळपायाला शेक दिला. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली असल्याने चटका बसल्याचे त्यांना कळलेच नाही. सकाळी टाचेवर आवळ्याएवढा फोड होता. जेथे रक्तच पोहोचत नाही तेथे भाजलेली कातडी भरून कशी यावी? बोटाची जखम बरी म्हणण्याची वेळ त्या टाचेने आमच्यावर आणली. आईला त्याचा दोष कोणी दिला नाही, तरी ती अजून तो विषय निघाला की उठून आत जाते. तेव्हा शेक नको, गरम पाण्याची पिशवी नको, तेल लावून जोराने चोळणे नको आणि भोवरी ब्लेडने कापणेही नको.

आम्हालाही पाय काढण्याचाच सल्ला मिळाला होता. संभाजीनगरच्या व्हॅस्क्युलर सर्जनांनी (रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांनी) मात्र आधी सीटी अँजिओग्राफी (औषध टोचून धमन्यांचे स्कॅन) करून, धमनी आतून रुंद करणारा छोटा फुगा तारेवरून गुडघ्याखाली नेता येईल का ते पाहिले. उजव्या जांघेतून तार घालून ती डाव्या पायात उतरवली. दादा संपूर्ण वेळ जागे होते. सुमारे तीन तास लागले. बाहेर आणल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे, “पायात ऊन उतरल्यागत वाटायलंय गं.” मी पायाला हात लावला तर तो खरोखरच कोमट होता.

परंतु तेवढ्यावर भागले नाही, हेही लिहिणे मला आवश्यक वाटते. दहा दिवसांनी दोन बोटे काढावी लागली. टाच भरायला चार महिने ड्रेसिंग करावे लागले. आठ महिन्यांनी वाहिनी पुन्हा आकसली, तेव्हा दुसऱ्यांदा फुगा मारला. आज दादा खास शिवून घेतलेली मऊ तळाची चप्पल घालून गोदेच्या घाटापर्यंत जातात. रोज रात्री आई आरसा घेऊन त्यांचे तळवे पाहते.

लातूरचा फिजिशियन

रुग्ण न तपासता निदान करणे योग्य नाही, म्हणून आपण विचारलेल्या मुद्द्यांवर सर्वसाधारण माहिती देतो.

कोणाकडे जावे, याचे उत्तर असे. पायाच्या धमन्यांसाठी व्हॅस्क्युलर सर्जन हा स्वतंत्र विशेषज्ञ असतो. हृदयरोगतज्ज्ञ मुख्यतः हृदयाचे काम करतात. त्यांच्यापैकी काही जण, तसेच काही इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (स्कॅनवर पाहत तारेने उपचार करणारे तज्ज्ञ), पायाची अँजिओप्लास्टीही उत्तम करतात. पाटीवर ‘हार्ट अँड व्हॅस्क्युलर’ लिहिलेले असले तरी आत दोन्ही कामे होतातच असे नाही. म्हणून ‘गुडघ्याखालच्या वाहिन्यांचे काम येथे कोण करते, आणि फुगा शक्य न झाल्यास पायाची बायपास करणारे सर्जन येथेच आहेत का?’ हे दोन प्रश्न नावनोंदणीच्या वेळीच विचारावेत. (बायपास म्हणजे रुग्णाची स्वतःची शीर जोडून बंद धमनीला वळसा देणे.) ज्याला तार आणि शस्त्रक्रिया हे दोन्ही पर्याय उपलब्ध आहेत त्याचे मत ऐकल्याशिवाय पाय काढण्यास संमती देऊ नये. याला अपवाद एकच. जखमेतून दुर्गंधी, पू, पायावर चढत जाणारी लाली आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग पसरत आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी पाय काढण्याचा निर्णय जीव वाचवणाराही असू शकतो.

जाता जाता एक गोष्ट. अँजिओप्लास्टी म्हटले की आपल्याला हृदय आठवते, पण तिचा जन्म पायात झाला. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका महिलेच्या पायाची आकसलेली धमनी नळ्या घालून रुंद केली. त्या बाईंच्या बोटांना गँगरीन झाले होते आणि त्यांनी पाय काढून घेण्यास साफ नकार दिला होता. हृदयाच्या धमनीत फुगा फुगवण्याचे काम आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिक येथे केले ते १९७७ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनंतर.

आता ‘आधी हृदय की आधी पाय’ याविषयी. त्या रुग्णालयाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पायाची धमनी बंद होणे आणि हृदयाची धमनी बंद होणे हा एकच आजार आहे, आणि अशा रुग्णांच्या जीवाला खरा धोका हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाच असतो. त्यामुळे ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवेच. परंतु छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, इको समाधानकारक आहे, अशा रुग्णाची हृदयाची अँजिओग्राफी आणि त्यानंतर कदाचित स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) असे सर्व आधी उरकून घेतल्याने लाभ होतो, असे दिसून आलेले नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५१० स्थिर रुग्णांपैकी निम्म्यांच्या हृदयाच्या धमन्या रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी मोकळ्या केल्या होत्या, तरी दोन्ही गटांतील दीर्घकालीन मृत्युप्रमाणात फरक पडला नाही. शिवाय हृदयात स्टेंट बसवला की रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने थांबवता येत नाहीत, आणि पायाची शस्त्रक्रिया करायची झाल्यास त्या आड येतात. काळी पडलेली करंगळी इतके दिवस वाट पाहणार नाही.

फुगा की बायपास, हे मात्र सर्जनवर सोडावे. त्यांच्यातही एकमत नाही. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात मांडीची स्वतःची शीर चांगली असेल तर बायपास सरस ठरली, तर २०२३ मध्ये गुडघ्याखालच्या अडथळ्यांवर झालेल्या ब्रिटिश अभ्यासात फुग्याचा मार्ग सरस ठरला. म्हणून ‘आबांच्या पायाची शीर सोनोग्राफीवर मोजली का?’ हा प्रश्न आपण अवश्य विचारावा.

आणखी दोन सूचना. सीटी अँजिओग्राफीचे औषध मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आधी तपासून घ्यावे आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असल्यास तसे सांगावे. दुसरे असे की, चालण्याचे अंतर वाढवण्यासाठी सिलोस्टॅझोल नावाची गोळी सर्रास दिली जाते. हृदयाची पंपिंग क्षमता कमी झालेल्या रुग्णाला ती चालत नाही, त्यामुळे इको झाल्याशिवाय ती सुरू करू नये. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला असला तरी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल बहुधा आयुष्यभर घ्यावी लागेल. तंबाखूतील निकोटिन धमन्या आकसवते. बिडी सुटली म्हणजे काम झाले, असा समज करून घेऊ नये.

बालाघाट (बीड)

माझ्या मेहुण्यांनी सलाइनमधून औषध देऊन रक्तवाहिन्या साफ करण्याचा उपचार घेतला आहे. चेलेशन असे त्याचे नाव. तीस बाटल्या लागतात, कापाकापी काही नाही. त्यांना बरे वाटते. आपणही चौकशी करून पाहावी.

लातूरचा फिजिशियन

बालाघाट, आपला हेतू चांगला आहे यात शंका नाही, परंतु कृपया हा सल्ला या रुग्णाला देऊ नये. चेलेशनने धमनीतील साचलेला थर विरघळतो, याला आधार नाही. मधुमेह आणि पूर्वी हृदयविकाराचा झटका अशा रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातही लाभ आढळला नाही. तीस बाटल्या संपेपर्यंत जे आठवडे जातील तेवढ्यात करंगळीचे पाऊल होईल.

सातबारा (जालना)

योजनेविषयी थोडक्यात लिहितो, कारण गेल्या वर्षी आईच्या हृदयाच्या झडपेसाठी मी ही सर्व वाट तुडवली आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणजेच पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा मराठवाड्यातून फक्त नांदेड होते. पांढऱ्या कार्डाला लाभ नाही, हा समज आपल्याकडे तरी योजना सर्वांना खुली होण्याआधीही पूर्ण खरा नव्हता. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातील सहा अशा १४ आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना सातबारा दाखवून पांढऱ्या कार्डावरही लाभ मिळत असे. पुढे शासनाने योजना सर्वच शिधापत्रिकाधारकांसाठी खुली केली आणि कुटुंबाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये केली. रेशनकार्ड, आधार आणि सातबारा अशा तिन्हींच्या प्रती जवळ ठेवाव्यात. कार्डावरचे आणि आधारवरचे नाव एका अक्षराने जरी वेगळे असले तरी ते आधीच दुरुस्त करून घ्यावे. आमचे तीन दिवस ‘बाई’ या दोन अक्षरांत गेले.

रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर विसंबू नये. मान्यता विशेषतेनुसार असते. एखादे रुग्णालय हाडांसाठी योजनेत असते, रक्तवाहिन्यांसाठी नसते. दाराजवळच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या प्रतिनिधीला) उपचाराचे नेमके नाव सांगून विचारावे आणि पूर्वमंजुरी येण्याआधी रोख रक्कम भरू नये. एकदा पैसे भरले की ते परत मिळवणे फार कठीण जाते. स्टेंटच्या बाबतीत आणखी एक. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर जी कमाल मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटसाठी आहे. पायाच्या स्टेंटला ती लागू समजू नये. दर आधी लेखी मागावा. ज्यांना खाजगी दवाखाना नको असेल त्यांनी घाटीच्या (संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयाच्या) अतिविशेषोपचार विभागातही जरूर चौकशी करावी.

दुधनाकाठ (सेलू)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर देण्यास सोळा दिवस लागले, क्षमस्व.

मराठवाडा एक्स्प्रेसने आबांना संभाजीनगरला नेले. जुना तंत्रज्ञ यांच्या सूचनेप्रमाणे तीन ठिकाणी फोन करून अंगठ्याचा दाब मोजता का, असे विचारले. दोन ठिकाणी प्रश्नच समजला नाही, तिसऱ्या ठिकाणी बाईंनी लगेच ‘हो, उपाशी येण्याची गरज नाही’ असे सांगितले. तेथेच गेलो. दंडाचा दाब १५० आला, उजव्या घोट्याचा ७२ आणि डाव्याचा १२४. तंत्रज्ञ मुलीने कागदावर भागाकार करून दाखवला, उजवा ०.४८, डावा ०.८३. म्हणजे ज्या पायाची तक्रारच नाही तोही आजारीच निघाला. उजव्या अंगठ्याचा दाब ३४ होता. यंत्राचा आवाज मीही ऐकला. फटीतून येणारा वारा, अगदी तसाच.

क्रिएटिनिन १.५ निघाल्याने सर्जनांनी सीटी टाळून डॉप्लर पुन्हा स्वतः केली. इको चांगला आला, हृदयाची अँजिओग्राफी सध्या नको असे त्यांच्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांनीही सांगितले. शीर मोजली, ती गुडघ्याखाली फार बारीक निघाली, म्हणून फुग्याचा मार्ग ठरला. पूर्वमंजुरीला दोन दिवस लागले. मांडीत एक स्टेंट बसवला आणि गुडघ्याखालची आणखी एक वाहिनी उघडली. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचा दाब ६१ होता. रात्रीचा ठणका गेला आहे. खाटेवर पाय सरळ करून आबा कित्येक दिवसांनी झोपले.

करंगळी काढायची की वाळून आपोआप गळू द्यायची, हे पुढच्या मंगळवारच्या तपासणीत ठरेल. सेलूत ड्रेसिंग नीट करणारे कोणी परिचित असल्यास गोदाकन्या यांनी कृपया कळवावे. तंबाखूची पुडी मात्र परवा उशाखाली पुन्हा सापडली. विचारले, तर म्हणाले की ती जुनीच आहे.